लहानपणचा सिनेमा, शंभर पानी वही आणि नऊ आठवडे: स्वतःवरचा विश्वास कमवायची रीत

लातूर-नांदेडकडे “जमंना गेलंय” हे माणूस सहज बोलून जातो. स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न करणारा पोरगा बोलतो. ग्रामसभेत बोलायचंच असं ठरवून दरवेळी गप्प बसून परत येणारी बाई बोलते. मोंढ्यात वीस वर्षं दुसऱ्याच्या आडतीवर हिशेब लिहिणारा मुनीम बोलतो. त्यालाच विचारा, दहाव्या वर्षी तुला कुठला सिनेमा आवडायचा? लगेच आवाज बदलतो. गणपतीत वर्गणी काढून आणलेला व्हीसीआर, जत्रेतला तंबू, रविवारी दूरदर्शनवर लागलेला सिनेमा आणि ऐन रंगात गेलेली लाइट, सगळं एका दमात सांगून होतं. नायक कसा पडला आणि कसा उठला, हे तर हातवारे करून सांगितलं जातं.

ही आवड कामाला लावता येते. त्यासाठी नऊ आठवडे लागतात, रोजची साधारण अर्धा तास सवड लागते आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते: सिनेमाचा शेवट नऊ आठवडे पूर्ण होईपर्यंत बघायचा नाही. ही अट का, ते पुढे येईलच.

तयारी

शंभर पानी एकरेघी वही घ्या. मोबाइलवरची नोंद चालणार नाही, कारण पुढे जुनी पानं उलटून बघण्यालाच महत्त्व आहे. दोन रंगांचे पेन, हेडफोन आणि वेळ दिसेल असं घड्याळ एवढं पुरे.

सिनेमा पूर्ण लांबीचा मिळवा. टीव्हीवर जाहिरातींसाठी कापलेल्या प्रतीत बहुतेक वेळा सरावाचे, कंटाळ्याचे, चुकांचे प्रसंगच आधी उडवलेले असतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात. लहानपणी डब केलेला बघितला असेल तर तोच डब शोधा. मूळ भाषेतला दर्जेदार असला तरी तुमच्या मनात बसलेला आवाज तो नाही. गावाकडे रेंज धड नसते आणि लाइटचाही भरवसा नसतो, म्हणून सिनेमा आधीच डाउनलोड करून ठेवा. मधेच चक्र फिरत राहिलं की बैठक मोडते.

सिनेमा कोणता घ्यायचा

पहिल्यांदा जो डोक्यात आला तोच बहुधा बरोबर असतो. तरी तीन गोष्टी तपासा. तो तुम्ही साधारण सहा ते चौदा या वयात एकाहून जास्त वेळा बघितलेला असावा. त्यातला नायक किंवा नायिका स्वतःच्या हाताने निदान दोनदा चुकलेली, हरलेली दिसली पाहिजे. आणि शेवटी त्याला जे येतं, ते सरावाने आलेलं असावं. वरदान, राजघराण्यातला जन्म किंवा एखादं यंत्र हातात पडल्यामुळे आलेलं नसावं.

तिसरी अट पुष्कळांची अडते. आवडता सिनेमा जादूचा किंवा सूडाचा निघतो. म्हणून तो टाकून देऊ नका, त्यातलं दुसरं पात्र घ्या. मार खाऊनही रोज तालमीत येणारा मित्र असेल, कोणी बघत नसताना दुकान चालवणारी बहीण असेल. फक्त एकच पात्र घ्या, नऊ आठवड्यांत ते बदलू नका.

सूडाच्या सिनेमाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: नायकाचा राग उसना घेऊ नये. राग चढल्यावर ताकद आल्यासारखी वाटते, पण ओसरल्यावर हातात काही उरत नाही, आणि घरच्यांनाही त्याचा त्रास होतो.

पुढे उदाहरणासाठी ‘इक्बाल’ (२००५) घेतला आहे. त्याचे दिग्दर्शक नागेश कुकुनूर आणि इक्बाल झालेत श्रेयस तळपदे. बोलता-ऐकता न येणारा खेड्यातला पोरगा, म्हशी राखता राखता बापाच्या चोरून रानात एकट्याने गोलंदाजी करतो. धाकटी बहीण त्याचं बोलणं लोकांपर्यंत पोचवते, आणि दारूच्या आहारी गेलेला एक जुना खेळाडू त्याला शिकवतो. तिन्ही अटींत तो बसतो. तुमचा सिनेमा दुसरा असेल तर नाव बदला, कृती तीच ठेवा.

बघण्याआधी: आठवणीचं पान

सिनेमा लावण्याआधी वीस मिनिटं घड्याळ लावून आठवेल ते लिहा. सगळ्यात आधी कुठला प्रसंग डोळ्यांसमोर आला, तुम्ही कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं, हे लिहा. मग सगळ्यात महत्त्वाचं: सिनेमा बघून आल्यावर तुम्ही खेळात काय करायचात? पळाटीची काडी तलवार म्हणून फिरवायचात, गल्लीत लांबलचक रनअप घेऊन चेंडू टाकायचात, की ओसरीवर पोरं बसवून मास्तर व्हायचात? दहाव्या वर्षी कोणी शिकवलेलं नसताना तुम्ही अख्ख्या सिनेमातून एक गोष्ट उचललीत. ती चौकटीत लिहून ठेवा. गोलंदाज व्हायचं असेल असं नाही, पण एकट्याने तीच गोष्ट शंभर वेळा करण्याची ओढ असेल, तर ती आजही कामाला येते.

हे पान सिनेमा बघितल्यावर लिहून उपयोग नाही, कारण ताजी चित्रं जुनी आठवण पुसून टाकतात.

तीन बैठका

पहिल्या बैठकीत सलग बघायचं. एकटं, खुर्चीवर किंवा भिंतीला टेकून, पलंगावर नाही. घरच्यांबरोबर बघितला तर गप्पा छान होतात, पण हे काम होत नाही. वही मिटलेलीच राहू द्या. रडू आलं तर येऊ द्या. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे अंतिम सामना, निकाल, टाळ्या, तिथे पोचण्याआधी सिनेमा बंद करा.

दुसरी बैठक दोन-तीन दिवसांनी. यावेळी फक्त मधला भाग: नायक पहिल्यांदा हरतो तिथून ते शेवट सुरू होण्याआधीपर्यंत. पानावर चार रकाने आखा. काय अडलं? मग त्याने हाताने काय केलं? कोण सोबत होतं? किती वेळा करावं लागलं? प्रत्येक प्रसंगाला सिनेमा थांबवून लिहा. आठ ते बारा नोंदी पुरतात. ‘इक्बाल’ची एक नोंद अशी होईल: “बापाला शेती हवी, क्रिकेट नको. मग रानातच खेळपट्टी. सोबत बहीण आणि म्हशी. रोज.”

दुसऱ्या रकान्याला एक कसोटी लावा. लांब बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ती गोष्ट दिसली असती का? “हिंमत ठेवतो” हे दिसत नाही, म्हणून खोडा. “रोज त्याच जागी जाऊन चेंडू टाकतो” हे दिसतं, म्हणून ठेवा. पहिल्या खेपेला निम्म्या नोंदी या कसोटीत उडतात. त्यात काही बिघडत नाही, पुन्हा बघून भरा.

तिसऱ्या बैठकीत त्याच भागातली तीस मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघा. पार्श्वसंगीत गेलं की सरावाचा प्रसंग एकदम साधा आणि कंटाळवाणा दिसायला लागतो. सरावाचा खरा चेहरा तोच. वावरात पाठ वाकवून खुरपणी करणाऱ्या बाईला कोणी संगीत लावत नाही, आणि पहाटे अभ्यासाला बसलेल्या पोराला पण नाही. आवाज नसताना आणखी एक दिसतं, ते म्हणजे अंग. चुकल्यावर नायकाचे खांदे कुठे जातात, पुन्हा सुरू करण्याआधी तो किती थांबतो, नजर कुठे असते. तीन-चार ओळी त्याही लिहा. इक्बाल स्वतः तर बोलतच नाही, म्हणून तो सिनेमा या बैठकीला फार सोयीचा.

इथे पहिला आठवडा संपतो. शेवटी चौकटीतली लहानपणीची गोष्ट आणि दुसऱ्या रकान्यातल्या नोंदी शेजारी ठेवा आणि एक कृती निवडा. वाक्यात क्रियापद हवं आणि वेळ हवी.

सिनेमा विश्वास का देऊ शकत नाही, आणि काय देऊ शकतो

मराठवाड्यात पोरं विहिरीत पोहायला कशी शिकतात ते आठवा. कमरेला वाळलेला भोपळा किंवा रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधतात. आधी पायरी धरून पाय मारायचे. मग काका हात सोडतो आणि दोन हातांवरची पायरी गाठायची. मग तिसऱ्या पायरीवरून उडी. मग कॅन सोडून. कठड्यावरून उडी सगळ्यात शेवटी. दुसऱ्याला कठड्यावरून उडी मारताना बघून पोराला उमेद येते, हे खरं. पण पोहता येतं हे त्याला कळतं ते स्वतः पायरी गाठल्यावर.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये हेच नीट मांडलं. एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतः करून पार पाडलेलं काम हा सगळ्यात पक्का आधार. त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ते करताना बघणं. तिसरं, लोकांचं प्रोत्साहन. चौथं, छातीची धडधड, घाम, थकवा या अंगाच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. सिनेमा दुसरा आधार देतो, थोडा तिसराही. पहिला देऊच शकत नाही. म्हणून जोशाचा सिनेमा बघून आलेली उमेद दोन-चार दिवसांत उतरते, आणि माणूस स्वतःलाच दोष देतो की आपल्यातच दम नाही. दम आहे, पहिला आधार तेवढा रिकामा राहिलाय.

आता शेवट न बघण्याची अट. शेली टेलर आणि लिएन फॅम यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना परीक्षेआधी काही दिवस रोज पाच मिनिटं कल्पना करायला सांगितली होती. काहींनी चांगला निकाल लागल्याचं चित्र मनात आणायचं, काहींनी स्वतः अभ्यासाला बसल्याचं: पुस्तक काढलंय, टिपणं काढतोय. अभ्यासाचं चित्र बघणाऱ्यांनी अभ्यासही जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. सिनेमाचा शेवट म्हणजे निकालाचं चित्र, मधला भाग म्हणजे अभ्यासाचं. आपल्याला रोज मधला भाग हवाय.

शिडी

शिडी म्हणजे ठरवलेल्या अवघड कामापर्यंत नेणाऱ्या, सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्यांची यादी. हा सगळ्या रीतीचा कणा आहे, म्हणून उदाहरण सविस्तर घेऊ.

समजा, बचत गटातली एक बाई आहे. तिच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभं राहून त्याबद्दल विचारायचं तिने ठरवलंय. सिनेमातून तिने उचललेली कृती: “कोणी बघत नसताना, रोज त्याच जागी सराव.” २ ऑक्टोबरपासून नऊ आठवडे मागे मोजले तर ३१ जुलै येतो. पेरणी आटोपलेली असते, पोळा-गणपती पुढे असतात. सुरुवातीला ही वेळ बरी.

प्रत्येक पायरीसमोर ती शून्य ते शंभर यातला आकडा दहाच्या पटीत लिहिते. शून्य म्हणजे मुळीच जमणार नाही, शंभर म्हणजे नक्की जमेल. तिची शिडी अशी दिसेल:

१. प्रश्न चाळीस शब्दांत लिहून काढणं आणि न्हाणीघरामागे एकटीने मोठ्याने वाचणं. सावकाश वाचला तर वीस-पंचवीस सेकंद लागतात. (९०)
२. मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःचा आवाज ऐकणं, पाच वेळा. (७०)
३. कागद न बघता जावेसमोर किंवा मुलीसमोर बोलणं. (७०)
४. बचत गटाच्या बैठकीत बसल्या जागेवरून महिन्याचा हिशेब वाचून दाखवणं. (६०)
५. त्याच बैठकीत उभं राहून स्वतःचं एक मत मांडणं. (५०)
६. ग्रामपंचायतीत जाऊन पाण्याचा लेखी अर्ज देणं आणि पोच घेणं. (४०)
७. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर, जमलेल्या लोकांसमोर दोन वाक्यं बोलणं. (३०)
८. महिला ग्रामसभेत प्रश्न विचारणं. (३०)
९. मुख्य ग्रामसभेत तोच प्रश्न विचारणं. (१०)

सुरुवात ७० किंवा त्याहून जास्त आकडा असलेल्या पायरीपासून. पायरी एकदा पार झाली म्हणजे झालं असं नाही. निदान तीन वेळा करा. ज्या गोष्टी एकदाच घडतात, म्हणजे अर्ज किंवा झेंडावंदन, तिथे आदल्या पायरीची खेप वाढवा. दर रविवारी सगळे आकडे नव्या रकान्यात पुन्हा लिहा, जुने खोडू नका. पाचव्या आठवड्यात मागचं पान उलटल्यावर सहाव्या पायरीसमोरचा ४० आता ७० झालेला दिसतो. ती पायरी अजून चढलेलीच नसते, तरी खालच्या पायऱ्यांनी तिचा आकडा वर ढकललेला असतो. हे दोन रकाने शेजारी दिसावेत म्हणूनच वही.

एकाच पायरीवर दोनदा अडलं तर जोर लावू नका. ती पायरी फार उंच आहे असं समजा आणि मधोमध तोडा. चौथीवरून पाचवीवर जाता येईना? मग मधे “उभं राहून फक्त हिशेब वाचणं” ही साडेचौथी पायरी. नवख्याच्या शिडीत एक-दोन जागा अशा तोडाव्या लागतातच.

महिला ग्रामसभेची पायरी वगळू नका. आपल्याकडे मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच उरकतात. तारीख आधी विचारून ठेवा, आणि पोच घेतलेला अर्ज हातात ठेवा. हातात कागद असला की आवाज कमी थरथरतो, आणि उत्तर देणाऱ्यालाही टाळाटाळ जड जाते.

ज्याला परीक्षेची भीती आहे, त्याची शिडी वेगळी: आधी दहा प्रश्न वेळ न लावता, मग दहा प्रश्न वेळ लावून, मग पंचवीस, मग अभ्यासिकेत चारचौघांत बसून अख्खा पेपर, मग तो दुसऱ्याकडून तपासून घेणं. आडतीवरच्या मुनिमाला स्वतःचा धंदा सुरू करायचा असेल तर एका पोत्याच्या खरेदीपासून. नियम तेच.

रोजचा अर्धा तास

दुसऱ्या आठवड्यापासून रोज असं करा. पाच मिनिटं सिनेमातली एकच छोटी तुकडी बघा, दुसऱ्या बैठकीत नोंदवलेली, सरावाची. पाच मिनिटं डोळे मिटून आजची पायरी स्वतः करत असल्याचं चित्र: कुठे उभे आहात, हातात काय आहे, पहिलं वाक्य काय. मग पंधरा मिनिटं प्रत्यक्ष पायरी. उरलेल्या पाच मिनिटांत वही. तारीख, काय केलं, काय चुकलं, उद्या काय. वर्णन नको. आणि ही तुकडी पाच मिनिटांची दहा मिनिटं होऊ देऊ नका.

जागा आणि वेळ ठरलेली हवी. त्यासाठी जर-तरचं वाक्य फार उपयोगी पडतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी यावर बरंच काम केलंय: “मी सराव करीन” यापेक्षा “हे घडलं की मी ते करीन” असं बांधलेलं वाक्य जास्त पाळलं जातं. दोन वाक्यं लिहा. एक सुरुवातीचं: “सकाळची धार काढून झाली की हात धुऊन वही उघडीन.” दुसरं अडचणीचं: “लाइट गेली तर तुकडी न बघता थेट पायरी करीन.” उन्हाळ्यात दुपार ठेवू नका, पत्र्याच्या घरात अंग उकडत असताना मन एका जागी राहत नाही. पहाट किंवा दिवेलागण.

एखादा दिवस बुडाला तर? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८, तर कोणाला हिशेबाने २५४ असा फरक निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने एकूण सवयीवर फारसा परिणाम झाला नाही. म्हणून बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका, नुसते पुढे चला.

आतला ताबा

पायरी चढताना अंग साथ देत नाही, हीच बहुतेकांची खरी अडचण. घसा कोरडा पडतो, गुडघे लटपटतात, आणि माणूस त्याचा अर्थ “मला जमत नाही” असा लावतो. चौथा आधार तो हाच. अंगाची ही तयारी आहे, निकाल नाही, हे आवाज बंद करून बघितलेल्या तुकडीत दिसलेलं असतं. नायकाचंही अंग ताठलेलं असतंच.

करायचं काय? पायरीच्या आधी पाच मिनिटं श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, नाकाने. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेरचा श्वास लांब ठेवला की हृदयाची गती थोडी उतरते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही फार खोल ओढताय, हलका करा. आणि याची सवय घरी निवांत असताना किमान दोन आठवडे करा. पहिल्यांदाच सभेत करायला गेलात तर काही उपयोग होत नाही.

दुसरं, स्वतःशी बोलताना नावाने बोला. “मला जमेल का” याऐवजी “सुनीता आता कागद उघडेल आणि पहिलं वाक्य वाचेल.” ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःला नावाने हाक मारून विचार करणाऱ्यांना भीती कमी जाणवली आणि भाषणही जास्त चांगलं झालं.

तिसरं थेट सिनेमाशी जोडलेलं आहे. २०१७ मध्ये रेचेल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं. शेजारी टॅबलेटवर खेळ होता, हवं तेव्हा उठून खेळायची मुभा होती. काही मुलांना बॅटमॅनसारखं आवडतं पात्र बनवलं होतं आणि “बॅटमॅन कष्ट करतोय ना?” असं स्वतःला विचारायला सांगितलं होतं. कामाला सगळ्यात जास्त वेळ चिकटून राहिली ती हीच मुलं. हा प्रयोग लहान मुलांवरचा आहे. तरी मोठ्यांनीही अवघड पायरीच्या दाराशी एकदा विचारून बघावं: “इक्बाल आता काय करेल?” उत्तर बहुधा छोटंच येतं. चेंडू उचलेल. इतकंच हवं असतं.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघाड वेळेच्या अंदाजात होतो. सिनेमात सहा महिन्यांचा सराव एका गाण्यात संपतो, आणि मन तोच हिशेब धरून बसतं. आपल्याच मातीतलं एक उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीत, २०१८ साली त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंद. वीस सेकंद कमी करायला सहा वर्षं. बंडुरांचा दुसरा आधार सांगतो की बघायचा माणूस जितका आपल्यासारखा, तितका परिणाम जास्त. म्हणून सिनेमातल्या पात्राच्या जोडीला असा एक जिवंत माणूस जरूर घ्या. तुमच्या गल्लीतला असला तर आणखी चांगलं.

दुसरा बिघाड म्हणजे तुकडी बघणंच काम होऊन बसणं. वहीत सलग तीन दिवस “बघितलं” आहे आणि “केलं” नाही असं दिसलं, तर आठवडाभर सिनेमा पूर्ण बंद आणि फक्त पायरी.

तिसरा: गावभर सांगणं. पारावर बसून “मी यंदा सभेत बोलणार” असं जाहीर केलं की मग सराव लोकांसाठी होतो. एका-दोघांना सांगा, तेही पायरीत त्यांची मदत लागणार असेल तर. ‘इक्बाल’मध्ये बहिणीला ठाऊक आहे, बापाला नाही. थट्टा करणारा माणूस पहिल्या चार पायऱ्यांपर्यंत लांबच बरा.

आणि एक, जे सिनेमाने सुटणार नाही. दोन-तीन आठवडे झोप उडालेली, कशातच मन लागत नाही, जगून काय करायचं असे विचार, हे असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही बोलते. नापिकी, कर्ज किंवा नापास झाल्याचा धक्का यांचं ओझं एकट्याने शिडीवरून चढवायचं नसतं.

घरातल्या पोरांसाठी

आठ-दहा वर्षांच्या मुलांना शिडी, आकडे काही नको. त्यांच्या आवडीचा सिनेमा बरोबर बसून बघा आणि नायक चुकतो तिथे एकदाच थांबवून विचारा, “आता हा काय करेल?” पोर जे उत्तर देईल ते ऐका, सुधारू नका. गणित अडल्यावर तोच प्रश्न परत विचारा. “बघ, तो कसा शिकला, आणि तू!” असं म्हणायचं नाही. त्या वाक्याने पोराचा आवडता नायक कायमचा परका होतो.

नववा आठवडा

शेवटची पायरी झाली की त्याच दिवशी वहीत लिहा: काय म्हणालात, आवाज कुठे अडकला, समोरून काय उत्तर आलं. उत्तर काय यावं हे आपल्या हातात नसतं. पाण्याबद्दल विचारल्यावर “बघू” असं उत्तर आलं, तरी पायरी पार झाली, तिच्यापुढे खूण करा. पायरी झालीच नाही, ग्रामसभाच तहकूब झाली, असंही होतं. शंभर किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा पुढे ढकलतात. मग आठवी पायरी आणखी एकदा करा आणि नवी तारीख लिहा.

आता शेवट बघा. संध्याकाळी, एकटं, आवाज चालू ठेवून, ती राहिलेली वीस-पंचवीस मिनिटं. टाळ्या वाजत असताना आठवणीचं पान उघडून शेजारी ठेवा आणि चौकटीतली लहानपणीची गोष्ट वाचा. सिनेमा संपला की त्याच पानाच्या मागे तारीख घाला, पुढच्या शिडीची पहिली पायरी लिहा आणि तिच्यासमोर आकडा.